मदत हवी आहे: शहामृगाच्या मांसाचा रस्सा, हृदयरोगी वडिलांसाठी

आम्ही केपटाऊनला राहतो. बाबा (वय ७१, सांगली) पुढच्या महिन्यात तीन महिन्यांसाठी इकडे येताहेत. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून डॉक्टरांनी मटण जवळजवळ बंद केलंय. रविवारी ताटात तांबडा रस्सा नसला की दोन घास खाऊन उठतात, असं आई फोनवर सांगते. मला ते ऐकवत नाही.

इथे दुकानात बीफ आणि लॅम्बच्या शेजारीच शहामृगाचं मांस मिळतं: खिमा, स्टेक, रश्श्याचे तुकडे. पक्ष्याचं असूनही रंग मटणापेक्षा गडद लाल. चरबी शंभर ग्रॅममागे साधारण २-३ ग्रॅम, लोह भरपूर. वाटलं, बाबांसाठी हेच आणावं.

पहिला प्रयत्न पार फसला. नेहमीसारखं आलं-लसूण लावून कुकरला सहा शिट्ट्या काढल्या. रस्सा झकास, पण तुकडे कोरडे आणि वातड. दातांना दोरेच लागत होते. बाबांना ते चावणारच नाही.

दुसरी अडचण बाबांच्या मनातली. आमच्या गावाकडे एमूपालनाची लाट आली होती. ‘पक्षी मोठे झाले की आम्हीच परत घेऊ’ या करारावर बाबांच्या मामेभावाने कर्ज काढून शेड बांधली. परत घ्यायला कुणीच आलं नाही, खाद्य परवडेना, पक्षी डोळ्यांदेखत मेले. त्यामुळे शहामृग म्हटलं की बाबा म्हणतात, “तो एमूच की. नको.” मी त्यांना समजावते की एमू ऑस्ट्रेलियाचा, त्याच्या पायाला तीन बोटं, शहामृग इथला आफ्रिकेचा, त्याला दोन. इथल्या औट्सहॉर्न गावाकडे १८६० च्या दशकापासून तो पाळतात. आधी बायकांच्या टोप्यांवरच्या पिसांसाठी. १९१४ च्या सुमारास पिसांचा बाजार कोसळला आणि तिथलेही शेतकरी देशोधडीला लागले. आताचा धंदा मुख्यतः कातड्यावर आणि मांसावर चालतो. डिसेंबरात तिथल्या एका फार्मवर गेलो होतो. उडायचंच नसल्याने याच्या छातीवर मांस जवळजवळ नसतं, सगळं मांडीचं आणि पायाचं, हे मला तिथेच कळलं.

तर तुकडा मऊ राहील असा रस्सा कसा करू? आणि कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने हे खरंच मटणापेक्षा बरं का? कुणी घरी नियमित करत असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद
ताई, आम्ही जोहान्सबर्गला दर आठवड्याला करतो. कुकर विसरा. चरबीच नाही, त्यामुळे जास्त शिजलं की सुकतंच. मांडीचं फिले आणा, मांसाच्या धाग्यांना आडवे पातळ काप करा, तासभर दही-हळदीत ठेवा. रस्सा वेगळा उकळून घ्या. काप कडक तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिट-दोन मिनिटं परता, रश्श्यात सोडा आणि गॅस बंद करा. पायाचे तुकडे असतील तर उलट: झाकण ठेवून मंद आचेवर दीड-दोन तास. दातांचा त्रास असेल तर सरळ खिमा करा. तो मात्र पूर्ण शिजवा, आतून ७१ अंश सेल्सियसपर्यंत. मांस मुळातच गडद, नुसत्या रंगावरून अंदाज येत नाही.

प्रतिसाद
मी आहारतज्ज्ञ आहे. याचं कोलेस्टेरॉल चिकनपेक्षा फारसं कमी नसतं. फायदा आहे तो संपृक्त चरबी कमी असण्याचा. पण वाटणात वाटीभर सुकं खोबरं आणि वर तेलाचा कट आला की तो फायदा गेला. खोबऱ्याऐवजी भाजलेला कांदा आणि थोडं डाळं घाला. इथलं बिल्टाँग (मीठ-मसाला लावून सुकवलेलं मांस) त्यांच्यापासून लांब ठेवा, त्यात मीठ फार. आठवड्यातून किती वेळा खायचं हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, विशेषतः युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काल डाळं घालून खिमा केला. मऊ झाला, मुलांनीही मागून खाल्ला. बाबांना फोटो पाठवला तर पहिला प्रश्न, “कट कुठाय?” म्हणजे खायची तयारी झालीय! आता एवढंच सांगा: चमचाभर तेलात तो तांबडा रंग कसा आणायचा? भिजवलेली ब्याडगी वाटून घातली तर जमेल का?