वीक गावात मुक्काम, वर हिमनदीखाली काटला ज्वालामुखी: सल्ला हवा

पाऊसवाट:
जूनमध्ये आईबाबांना घेऊन आइसलंडला चाललोय. वीक गावात दोन रात्री बुक केल्यात. आता वाचतोय की गावामागच्या हिमनदीखाली काटला नावाचा ज्वालामुखी आहे, शेवटचा मोठा उद्रेक 1918 साली. बाबांचे गुडघे धड नाहीत, पळापळ जमणार नाही. मुक्काम हलवू का? बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना आवडेल असं यातलं काही बघायला मिळेल का?

कातळफूल:
मुक्काम हलवू नका. तिथे खरी भीती लाव्हाची नसते, पाण्याची असते. बर्फ खालून वितळतो, पाणी हिमनदीच्या पोटात साठत राहतं आणि एक दिवस बर्फ उचलून बाहेर पडतं. आइसलंडचे लोक त्याला योकुलह्लोइप म्हणतात. वीकमध्ये अशा वेळी जमायची जागा म्हणजे टेकडीवरचं लाल छपराचं चर्च. तिथवर गाडी जाते. पोचल्या दिवशीच बाबांना एकदा वर नेऊन आणा, रस्ता डोळ्यांखालून गेलेला बरा. फोन रात्रीही चालू ठेवा, धोक्याचा मेसेज त्यावरच येतो.

आणि बाबांसाठी एक जागा सांगतेच. वीकहून पूर्वेला साधारण 140 किमीवर, स्काफ्ताफेल्लच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच पुरात मोडलेल्या पुलाच्या दोन तुळयांचे तुकडे ठेवलेत. 30 सप्टेंबर 1996 ला वात्नायोकुत्ल या दुसऱ्या हिमनदीखाली उद्रेक झाला. पाणी पाच आठवडे ग्रिम्सव्होत्नच्या बर्फाखालच्या तळ्यात साठलं आणि 5 नोव्हेंबरला सुटलं. जोर सेकंदाला अंदाजे 45 हजार घनमीटर, म्हणजे जवळजवळ 16 लाख क्युसेक! खडकवासल्यातून 40 हजार सोडले तरी भिडे पूल पाण्याखाली जातो, त्याच्या चाळीसपट. घराएवढे हिमखंड वाहत आले नि पुलावर आदळले. रस्ता आधीच बंद केला होता, म्हणून माणूस एकही गेला नाही. मी त्या तुळईवर हात ठेवून उभी होते. हाताएवढ्या जाडीचं पोलाद ओल्या पुठ्ठ्यासारखं पिळवटलंय, बोल्टांची भोकं ताणून लांबट झालीत. गाडीतून उतरून चार पावलं, गुडघ्यांना त्रास नाही.

नदीकाठ:
कातळफूल यांना अनुमोदन. एक भर: हिमनदीतून निघणाऱ्या नदीपाशी सडक्या अंड्यांचा वास येऊ लागला तर फोटोसाठी रेंगाळू नका. खालचा गंधकाचा वायू पाण्याबरोबर बाहेर येत असतो. जुलै 2011 मध्ये वीकजवळच्या मूलाक्वीस्लचा पूल अशाच पुरात गेला. रोज सकाळी निघण्यापूर्वी तिथल्या हवामान खात्याची साइट बघा. बर्फगुहेची सहल मात्र आईबाबांसोबत नको, बुटांना काटे लावून बर्फावर चालावं लागतं. त्यापेक्षा वीकमधला लाव्हा शो बघा, खुर्चीत बसून खरा वितळलेला लाव्हा बघता येतो.

पाऊसवाट:
दोघांचे मनापासून आभार. बुकिंग तसंच ठेवतोय. बाबांना 16 लाख क्युसेक वाचून दाखवले, तर चष्मा काढून गप्प बसले. मग म्हणाले, विचार, पाणी ओसरायला किती दिवस लागले?

कातळफूल:
दोनेक दिवस. त्यांना सांगा, तुळयांपाशी उभं राहून उत्तरेला बघा, पाणी तिकडूनच आलं होतं.