एका दिवसात तिन्ही ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, एक्स्टेंडेड: प्रोजेक्टर, आवाज आणि वेळेचे गणित

खिडकीतला कावळा (धागाकर्ता)

एका रविवारी घरीच तिन्ही भाग, एक्स्टेंडेड म्हणजे जास्तीचे प्रसंग घातलेल्या लांब आवृत्तीत, सलग बघायचा बेत आहे. माणसे नऊ. सात जणांना संवाद तोंडपाठ, दोघांनी एकही भाग पाहिलेला नाही.

सामान असे: १२ बाय १६ फुटांचा हॉल, पांढरी भिंत, भाड्याने आणायचा १०८०पी प्रोजेक्टर (थ्रो रेशो १.५, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर ठेवायचा), ब्लू-रे ड्राइव्ह जोडलेला लॅपटॉप, २०११चा एक्स्टेंडेड ब्लू-रे संच, जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर.

चाचणीत तीन गोष्टी खटकल्या. कॅमेरा डोंगरांवरून फिरतो तेव्हा चित्र अडखळते. संवाद दबलेले येतात आणि लढाई सुरू झाली की कानठळ्या बसतात. पहिल्या भागातला बर्फ हिरवट दिसतो. शिवाय, नवख्या दोघांना एकदम लांब आवृत्ती दाखवावी का, आणि सकाळी किती वाजता सुरू केले म्हणजे रात्री शेजारी दार वाजवणार नाहीत?

---

दीडमूठ

आधी चित्र.

अडखळण्याचे कारण लॅपटॉप. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, लॅपटॉप बाहेर पाठवतो ६० हर्ट्झ. २४ चा ६० ला भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवली जाते. म्हणजे एक ३३ मिलिसेकंद टिकते, दुसरी ५०. माणसे बोलत असताना कळत नाही, पण कॅमेरा संथपणे सरकला की लगेच दिसते, आणि या सिनेमांत हेलिकॉप्टरमधून घेतलेले शॉट पोत्याने आहेत. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जा, प्रोजेक्टर निवडा आणि रिफ्रेश रेट २३.९७६ किंवा २४ करा. काही प्रोजेक्टर २४ स्वीकारतात आणि आतल्या आत पुन्हा ६० करतात, तिथे फरक पडणार नाही. म्हणून भाड्याचा प्रोजेक्टर घेताना दुकानातच लॅपटॉप लावून बघा.

प्रोजेक्टरमध्ये ‘फ्रेम इंटरपोलेशन’ किंवा तशा अर्थाचे काही असेल तर बंद करा. ते मधल्या फ्रेम स्वतः बनवते, अडखळणे जाते, पण मिनास तिरिथ दुपारच्या मालिकेच्या सेटसारखे दिसू लागते. टीव्हीवर बघणाऱ्यांनाही हेच लागू: सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन बंद करा, किंवा थेट फिल्ममेकर मोड लावा.

हिरवटपणा तुमच्या प्रोजेक्टरचा नाही. २०११च्या संचात फक्त ‘फेलोशिप’वर, म्हणजे पहिल्या भागावर, हिरवी-निळसर छटा चढलेली आहे, त्यावर तेव्हा बरीच बोंबाबोंबही झाली होती. २०२०च्या ४के आवृत्तीत रंग नव्याने केले आणि ती छटा गेली. तुमच्याकडे जुनाच संच आहे तर प्रोजेक्टरच्या रंगांमध्ये ग्रीन गेन दोन-चार पायऱ्या खाली आणा. काराध्रास डोंगरावरचा बर्फ आणि सारुमानचा पांढरा झगा या दोन जागी थांबवून जुळवा. पूर्ण सुटणार नाही, सुसह्य होईल. दुसरा भाग लावण्याआधी मूळ जागी न्यायला विसरू नका, नाहीतर रोहनची गवताळ माळराने जांभळट दिसतील.

आता जागा. १०० इंची चित्राची रुंदी २२१ सेंमी. थ्रो १.५ म्हणजे भिंतीपासून भिंग ३३१ सेंमीवर, साधारण ११ फूट. बसायला चांगले अंतर १० ते साडेतेरा फूट. थोडक्यात प्रोजेक्टर पाहुण्यांच्या मांडीवर येतो. तो उंच स्टुलावर मधोमध ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसवा. गरम हवेच्या झडपेसमोर कुणी बसणार नाही एवढे बघा, १२ तासांत ती जागा भाजून निघते.

चित्र वाकडे पडले तर रिमोटवरून ‘कीस्टोन’ करायचा मोह होतो. टाळा. ते चित्र आतल्या आत आक्रसते, पिक्सेल वाया जातात आणि कडा धूसर होतात. त्याऐवजी प्रोजेक्टर वरखाली, डावीउजवीकडे हलवून सरळ करा. दहा मिनिटे जातील, जाऊ द्या.

वर-खाली काळे पट्टे येणारच. चित्राचे प्रमाण २.३९:१ आहे, म्हणजे १०८० पैकी साधारण ८०३ ओळींतच चित्र असते. कुणीतरी ‘झूम कर की’ म्हणेल. झूम केले तर डावी-उजवी मिळून चौथा हिस्सा कापला जातो. त्याला चहा करायला पाठवा.

---

काळी दोन

आवाजाचे मी सांगतो. संवाद दबण्याची दोन कारणे असू शकतात, आधी पहिले तपासा कारण ते फुकटात सुटते.

डिस्कवरचा ट्रॅक ६.१ चॅनेलचा आहे, म्हणजे आवाज सात वेगवेगळ्या स्पीकरांसाठी वाटलेला. त्यात संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलमध्ये असतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीकर ५.१ निवडलेले असतील आणि प्रत्यक्ष जोडलेले दोनच, तर मधला चॅनेल जातो कुठे? कुठेच नाही. ऐकू येतो तो संवादांचा उरलासुरला प्रतिध्वनी, आणि संगीत पूर्ण. विंडोजमध्ये आणि प्लेअरमध्येही ‘स्टिरिओ’ निवडा. मग मधला चॅनेल दोन्ही स्पीकरमध्ये वाटून येतो.

एवढे करूनही दबलेले वाटले तर दुसरे कारण: मोठ्या थिएटरसाठी केलेले मिश्रण. कुजबुज आणि धडाका यांतले अंतर तिथे हवेच असते, बारा फुटी हॉलमध्ये नको. प्लेअरमधला नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन मध्यम ठेवा. पूर्ण लावू नका, मोरियाच्या खाणीतल्या त्या ढोलांचा जीवच जातो. ॲम्प्लिफायरचा ‘बास’ मधोमध असू द्या आणि स्पीकर कोपऱ्यातून निदान दीड फूट बाहेर काढा. कोपरा खालचे सूर फुगवतो, आणि पुरुषांचे आवाज त्यातच बुडतात. गॅन्डाल्फ सगळ्यात आधी.

आवाजाची पातळी बालरॉग राक्षसाच्या गर्जनेवर ठरवू नका. रिव्हेंडेलमधल्या हळू आवाजातल्या बोलण्यावर ठरवा आणि दिवसभर हात लावू नका.

ब्लूटूथ स्पीकर कुणी आणला तर नम्रपणे बाजूला ठेवा. त्यात आवाज १०० ते २०० मिलिसेकंद मागे पडतो, ओठ आधी हलतात. फाइलवरून व्हीएलसीत बघणाऱ्यांना ‘जे’ हे बटण दाबून आवाज ५०-५० मिलिसेकंद पुढे ओढता येतो. पण तुमच्याकडे ॲम्प्लिफायर आहे, साधी ऑक्स वायर लावा.

ता.क. कुणाच्या कपाटात जुन्या पाल (भारत-युरोपातल्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडी असतील आणि ‘यात वेळ कमी दिसतो, काही कापलंय का’ असे वाटत असेल, तर कापलेले नाही. पालमध्ये २४ ऐवजी २५ फ्रेम धावतात, २२८ मिनिटांची २१९ होतात. हॉवर्ड शोअरचे संगीतही चार टक्के घाईत, आणि पाऊण सुराच्या आसपास नाही तरी अर्ध्याहून जास्त पट्टी चढलेले. कान तयार असेल तर छळ आहे.

---

दीडमूठ

काळी दोन, तुमची पट्टी दुरुस्त करतो: चार टक्के म्हणजे अर्ध्या सुराच्या, म्हणजे शेजारच्या काळी-पांढरीतल्या अंतराच्या, सुमारे सत्तर टक्के. ‘पाऊण सूर’ म्हटले तर लोक मोठे अंतर समजतील.

---

काळी दोन

मान्य. अर्ध्या सुराच्या सत्तर टक्के. छळ मात्र कायम.

---

शेंगदाणा

आवृत्तीचा प्रश्न कुणी घेतलाच नाही. नवख्या दोघांनी हा प्रतिसाद वाचू नये, गोष्ट फुटेल.

थिएटरमध्ये आलेले भाग १७८, १७९ आणि २०१ मिनिटांचे. तिन्ही मिळून ५५८, म्हणजे नऊ तास अठरा मिनिटे. एक्स्टेंडेड २२८, २३५ आणि २६३, एकूण ७२६. पण ही वाढ सगळीकडे सारख्या गुणवत्तेची नाही.

‘फेलोशिप’मध्ये सुमारे अर्ध्या तासाची भर आहे आणि जवळजवळ सगळी गोड आहे: शायरची ओळख निवांत होते, गॅलाड्रिएलने दिलेल्या भेटवस्तू नीट दिसतात आणि त्या वस्तू पुढे वापरल्या जातात तेव्हा कुठून आल्या हे कळते. ‘टू टॉवर्स’ तर लांबच बघावा. ओस्गिलियाथमध्ये बोरोमिर, फारामिर आणि त्यांचा बाप यांचा जुना प्रसंग त्यात आहे. तो नसेल तर फारामिर फ्रोडोला पकडून का नेतो हे नवख्याला कळत नाही, माणूस उगाच दुष्ट वाटतो.

गोची ‘रिटर्न ऑफ द किंग’ची. लांब आवृत्तीत काळ्या जहाजांवरचा प्रसंग आधीच दाखवला आहे, त्यामुळे पेलेनॉरच्या मैदानात ती जहाजे लागतात तेव्हाचा धक्का निम्मा होतो. गॅन्डाल्फची काठी मोडण्याचा प्रसंगही लांब आवृत्तीतच आहे आणि तो मला अजून पटलेला नाही. दुसऱ्या बाजूला, सारुमानचा शेवट फक्त लांब आवृत्तीत आहे. थिएटरच्या आवृत्तीत तो बुरुजात राहिला एवढे सांगून विषय संपवतात, आणि आदल्या भागात एवढा मोठा खलनायक असलेला माणूस गायब होतो.

तरी माझे मत: पहिले दोन लांब, तिसरा थिएटरचा. दहाव्या तासाला ज्याला पहिल्यांदाच गोष्ट कळते आहे त्याच्यासाठी ती पन्नास मिनिटे जड जातात.

---

मधली सुट्टी

शेंगदाणा, असहमत. सारुमानचे काय झाले हा प्रश्न नवखे लोक हमखास विचारतात, आणि मग सात जण एकदम सांगायला लागतात. त्यात पन्नास मिनिटे कुठे वाचली? शिवाय धागाकर्त्यांच्या २०११च्या संचात फक्त एक्स्टेंडेडच आहेत, थिएटरची डिस्क वेगळी मिळवावी लागेल. स्ट्रीमिंगवर मिळाली तर नावावर जाऊ नका, कालावधी बघा. तिसरा भाग २०१ मिनिटे असेल तर थिएटरचा, २६३च्या आसपास असेल तर लांब.

वेळेचे गणित. ७२६ मिनिटांत फॅन क्लबच्या सभासदांची नावेही धरलेली आहेत. पहिल्या भागाच्या शेवटी ती सुमारे वीस मिनिटे वर सरकत राहतात. ती सोडली की प्रत्यक्ष ३ तास २८, ३ तास ४५ आणि ४ तास १२ धरा. प्रत्येक भाग दोन डिस्कवर आहे, तेच नैसर्गिक मध्यंतर. ‘फेलोशिप’ची पहिली डिस्क तर एल्रॉन्डच्या सभेवर संपते, याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

८.३० ला सुरू, मध्यंतर १५ मिनिटे, १२.१३ ला पहिला संपला.
जेवण १ वाजेपर्यंत. दुसरा ५ ला संपतो.
चहा ५.३० पर्यंत. तिसरा ९.५७ ला संपतो.

९ ला सुरू केले तर साडेदहा वाजतील. रात्री १० ते सकाळी ६ हा ध्वनिप्रदूषण नियमांतला रात्रीचा काळ, निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. साडेआठच्या हिशेबात मोठा धडाका नऊ-सव्वानऊपर्यंत उरकतो. पुढे निरोपच निरोप आहेत, तिथे शेजाऱ्यांना त्रास झाला तर नाक शिंकरण्याचा होईल.

जेवणात भात कमी ठेवा. हेल्म्स डीपची लढाई दुपारी साधारण पावणेचारला सुरू होते, तोवर जागे राहायचे आहे. आणि ११ वाजता काहीतरी खायला द्याच, हॉबिटांचा दुसरा नाश्ता हा या दिवसाचा हक्क आहे. बोटांना तेल लागणारे पदार्थ डिस्क बदलणाऱ्याला देऊ नका.

मध्यंतरात प्रोजेक्टर बंद करू नका. दिव्याचा असेल तर बंद-चालू करण्याने दिवा लवकर जातो, शिवाय गार झाल्याशिवाय तो पुन्हा पेटत नाही. रिमोटवर ‘ब्लँक’ असते, ते दाबा.

---

खिडकीतला कावळा

स्टिरिओ केल्यावर संवाद एकदम वर आले, सॉफ्टवेअरमध्ये खरेच ५.१ होते. २४ हर्ट्झही प्रोजेक्टरने घेतले. दोन शंका: भिंतीऐवजी पांढरी चादर लावावी का? आणि सबटायटल बंद केले तर एल्फांच्या भाषेतल्या संवादांचा अर्थही गेला. इंग्रजी पूर्ण चालू ठेवायचे का?

---

दीडमूठ

चादर नको. तिच्यातून उजेड आरपार जातो, आणि पंखा लावला की मॉर्डोर हेलकावे खाते. भिंत मॅट असेल तर भिंतच बरी. चकचकीत ऑइल पेंट असेल तर मधोमध उजेडाचा डाग पडतो, तेवढ्यासाठी मात्र जाड ब्लॅकआउट कापड चारही बाजूंनी ताणून लावा. आणि पडद्यांच्या फटी बंद करा. सकाळी साडेआठ ते संध्याकाळपर्यंतचे ऊन हा तुमचा खरा शत्रू आहे, मोरियाचा सगळा भाग जवळजवळ काळोखातच आहे. भाड्याच्या प्रोजेक्टरवर ‘ल्युमेन’ किती लिहिलेत यापेक्षा ‘ॲन्सी ल्युमेन’ (प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड) किती ते विचारा, २००० च्या खाली घेऊ नका.

---

शेंगदाणा

सबटायटलमध्ये ‘फोर्स्ड’ नावाचा प्रकार असतो, फक्त परक्या भाषेपुरता. काही सॉफ्टवेअर सबटायटल बंद केले की तोही बंद करतात. यादीत वेगळा ट्रॅक दिसतो का बघा आणि रिव्हेंडेलच्या पुलावरच्या अर्वेन-ॲरागॉर्नच्या प्रसंगावर तपासा. नसेलच तर पूर्ण इंग्रजी चालू ठेवा. नवख्यांना फायदाच आहे: सौरॉन आणि सारुमान ही दोन वेगळी माणसे आहेत हे लिहिलेले दिसले की लवकर कळते.