आईच्या कवळीखाली टाळू लालभडक

प्रश्न (चोपडा): आई ७२ वर्षांची. वरची कवळी काढली की टाळूवर तिच्याच आकाराचा लाल डाग. भरीत-भाकरीचा घास घेतला तरी डोळ्यांत पाणी येतं. क्लोट्रिमाझोल (बुरशीचं औषध) लावून बरं वाटलं, आठ दिवसांत पुन्हा तेच.

भुसावळहून: ताई, रात्री काढतात का? आमचे अण्णा घालूनच झोपायचे. औषध टाळूला, पण बुरशी कवळीवरही असते, परत येणारच. आतली बाजू ब्रशने रोज घासा, रात्री पाण्यात ठेवा.

धुळ्याहून: साखर तपासा. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर मायकोनाझोल जेल (हेही बुरशीचंच औषध) नकोच, रक्तस्राव होऊ शकतो.

चोपडा: काढत नाही हो! "रात्री कोणी आलं तर?" म्हणते. आजपासून उशाशी झाकणाची वाटी ठेवते.