बक ओनील: थोर मॅनेजर की थोर गप्पिष्ट?

अर्धाकप:
ओनीलचं नाव निघालं की लोक त्याचे किस्से सांगत बसतात, आणि माझं डोकं फिरतं. अमेरिकी बेसबॉलमधल्या, कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमधला हा माणूस १९४८ ते १९५५ कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाचा मॅनेजर, म्हणजे मैदानावर संघ चालवणारा, होता, वर सुरुवातीला पहिल्या बेसवर स्वतः खेळायचाही. एल्स्टन हॉवर्ड आणि एर्नी बँक्स त्याच्याच हाताखालचे. एक यँकीजचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला, दुसरा शिकागो कब्जचा; दोन्ही संघ मेजर लीगचे, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगचे.

जुनी वही:
थांबा राव. १९४५ मध्ये मेजर लीगच्या डॉजर्सनी मोनार्क्सचा खेळाडू जॅकी रॉबिन्सन उचलला, मोनार्क्सना छदाम दिला नाही. प्रेक्षकही त्याच्याच मागे मेजर लीगकडे गेले. १९४८ च्या मोसमानंतर निग्रो लीगांपैकी एक, निग्रो नॅशनल लीग, बंद पडली. ओनीलकडे आली ती ओसाड गावची पाटीलकी. खेळाडू-मॅनेजर म्हणावा तर रूब फॉस्टर! १९२० मध्ये त्याने अख्खी लीग उभी केली.

तिसरी घंटा:
फॉस्टर लीगचा अध्यक्ष, आणि त्याच लीगमधला शिकागो अमेरिकन जायंट्सही त्याचाच. शिवाय प्रत्येक सामन्याच्या गल्ल्यातून ५ टक्के. घरचाच पंच! (लीग त्याशिवाय उभी राहिली नसती, हेही खरं.)

अर्धाकप:
ओसाड गावातच पाटलाचा कस लागतो. फॉस्टरला चांगला खेळाडू ठेवून घेता यायचा. ओनीलने घडवलेला पोरगा विकला जायचा, आणि त्या पैशावर संघ तगायचा. तरी तो पुढचा पोरगा घडवायला घ्यायचा. १९६२ मध्ये कब्जनी त्याला कोच केलं, मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय कोच. तेव्हा कब्जकडे मॅनेजरच नव्हता, कोच आळीपाळीने संघ चालवायचे. ओनीलची पाळी आलीच नाही! मेजर लीगला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर मिळाला थेट १९७५ मध्ये: फ्रँक रॉबिन्सन, तोही खेळाडू-मॅनेजरच.

जुनी वही:
राग रास्त आहे, पण तो कब्जवर काढा. अन्याय झाला म्हणून कुणी थोर मॅनेजर ठरत नाही. २००६ च्या खास निवडीत हॉल ऑफ फेमने (बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीने) १७ जण घेतले आणि ओनीलला वगळलं, ते वाईटच झालं. तरी त्याच सोहळ्यात उभा राहून तो त्या सतरांसाठी बोलला, आणि ऑक्टोबरमध्ये गेला. २०२२ मध्ये त्याला आत घेतलं, छान. पण मला तो स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा, म्हणून जास्त पटतो. लू ब्रॉकसारखा खेळाडू कब्जला त्यानेच आणून दिला.

अर्धाकप:
आणि ब्रॉकला हेरणारी ती नजर तयार कुठे झाली? मोनार्क्सच्या बसमध्येच ना?