वरिष्ठांशी वाद, पण लेखी तक्रार नको. गोपनीय, तटस्थ मदत कुठे?

फुटाळा: नागपुरातल्या अनुदानित कॉलेजात सहायक प्राध्यापक आहे. विभागप्रमुखांशी वेळापत्रकावरून बिनसलं, आता कॅसच्या (पदोन्नती योजनेच्या) फाइलवर सही अडली. लेखी तक्रार केली तर उद्या त्याच स्टाफरूममध्ये बसणं कठीण. दोघांचंही ऐकेल आणि बाहेर बोलणार नाही असं कोणी आहे का? यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) लोकपाल चालतील?

गोरेवाडा: लोकपाल नाही. २०२३ च्या यूजीसी नियमांतले लोकपाल फक्त विद्यार्थ्यांसाठी आहेत. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत प्राध्यापकांसाठी 'ओम्बुड्स' असतो. तो निकाल देत नाही, बाजू घेत नाही, जिवाला धोका असेल तरच गुपित मोडतो. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात असं पद नाही. कलम ७९ ची तक्रार निवारण समिती आहे, शक्यतो तीन महिन्यांत निपटारा करायचा असं कायदा सांगतो. पण तिथे समोरच्याचं म्हणणंही मागवलं जाणार, मग गुपित कुठलं?

म्हणून तटस्थ माणूस तुम्हालाच शोधावा लागेल. दुसऱ्या विभागातले ज्येष्ठ किंवा निवृत्त सर-मॅडम बघा, जे कॅसच्या समितीत नाहीत, व्यवस्थापनात नाहीत. प्राध्यापक संघटनेचे पदाधिकारी नकोत. ते तुमच्या बाजूने उभे राहतात, तेच त्यांचं काम. आणि सगळं सांगण्याआधी एकच विचारा: "हे तुम्हाला वर कळवावं लागेल का?" प्राचार्यांना हे विचारून उपयोग नाही. त्यांच्या कानावर घातलं म्हणजे संस्थेला कळलंच.

अंबाझरी: बोलणी करा, पण फाइल आवक विभागात देऊन क्रमांक आणि तारीख असलेली पोच आजच घ्या. इथेच बहुतेकांचं चुकतं. चहावर चर्चा चालू राहते, महिने जातात, आणि फाइल दिलीच नव्हती असं ऐकावं लागतं.

नोंद अशी ठेवा: "१२ ऑगस्ट, स. ११.१५, विभागात. वेळापत्रकात १६ ऐवजी २० तास. हजर: दोघे." 'मुद्दाम छळतात' असलं काही लिहू नका, आकडा पुरेसा बोलतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. नोंद घरच्या वहीत ठेवा, कॉलेजच्या ईमेलवर नको. विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एक अक्षर नको, स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत प्राचार्यांकडे असतो.

मध्यस्थाने आधी दोघांना वेगवेगळं भेटावं, मग एकत्र. मुद्दे दोनच, तास आणि सही. काय ठरलं तेवढंच कागदावर घ्या, कोण काय बोललं ते नाही.

महाराजबाग: दोन प्रसंगांत मध्यस्थीत दिवस घालवू नका, कृपया. लैंगिक छळ असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार. ओळख गुप्त ठेवणं तिथे बंधनकारक आहे. समेट फक्त तक्रारदार बाईंनी मागितला तरच, आणि पैशावर नाही. दुसरं, बडतर्फी किंवा पदावनतीचा आदेश हाती आला तर विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील. अनौपचारिक बोलणी चालू आहेत म्हणून ही मुदत थांबत नाही.

वकिलाशी बोललेलं गोपनीय राहतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. झोप उडाली असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फोन मोफत.

फुटाळा: विभागप्रमुख मध्यस्थासमोर बसायलाच तयार नसतील तर?

गोरेवाडा: मग जबरदस्ती नको. पोचेच्या तारखेचा हवाला देऊन प्राचार्यांना साधं स्मरणपत्र द्या, 'फाइलची सद्यःस्थिती कळवावी' एवढंच. ती तक्रार नव्हे, आणि विषय कागदावर येतो.