मदत हवी: १५०० अंशांवर मॉलिब्डेनमचे बार बाक खातात, टीझेडएम घ्यावं की लॅन्थॅनमवालं?

व्हॅक्यूम फर्नेसमध्ये माल ठेवायला आम्ही शुद्ध मॉलिब्डेनमचे आडवे बार वापरतो. तापमान १५०० अंश सेल्सिअस, तेही कित्येक तास सलग. बार तुटत नाहीत, पण प्रत्येक खेपेला मधोमध बाक थोडा वाढतो. मॉलिब्डेनम वितळतं २६२३ अंशांना, तेव्हा हा सरळसरळ क्रीपचाच प्रकार, म्हणजे उष्णतेत सततच्या भाराखाली धातू हळूहळू वाकत जाणं.

पुरवठादार टीझेडएम या मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूचा आग्रह धरतोय. त्यात अर्धा टक्का टायटॅनियम, ०.०८ टक्के झिर्कोनियम आणि चिमूटभर कार्बन. कार्बाइडचे बारीक कण ग्रेन बाउंड्रीला (धातूतल्या स्फटिकांच्या म्हणजे ग्रेनच्या सीमेला) सरकू देत नाहीत, त्यामुळे शुद्ध धातूत ११०० अंशांच्या आसपास होणारं रीक्रिस्टलायझेशन (जुने ताणलेले ग्रेन जाऊन नवे तयार होणं) इथे १४०० च्या आसपास जातं. छान. पण मी तर त्याच्याही वर आहे! बार साच्यातून ओढून बनवताना आलेली ताकद तिथे टिकणार नाही आणि कणही हळूहळू जाड होत जाणार. मग जास्तीचे पैसे कशाचे?

दुसरा पर्याय लॅन्थॅनम ऑक्साइडचे कण घातलेल्या मॉलिब्डेनमचा. ते कण ओढण्याच्या दिशेने रांगेत बसतात, म्हणून रीक्रिस्टलायझेशननंतरही ग्रेन लांबट आणि एकमेकांत अडकलेले राहतात. बल्बच्या टंगस्टन तारेत पोटॅशियमचे बुडबुडे हेच काम करतात. मग जाड प्लेटमधून कापलेला बार चालेल, की ओढलेलाच हवा? एमएचसी हे हाफ्नियम कार्बाइडवालं मॉलिब्डेनम कुणी १५०० वर वापरलंय का?

(सिलिसाइड कोटिंग कृपया सुचवू नका. आत हवाच नाही, ऑक्सिडेशनचा प्रश्न नाही.)

प्रतिसाद:
तुमच्या तापमानाला मीही लॅन्थॅनमवालंच घेईन. ओढलेला बारच घ्या. प्लेटमधून कापायचाच झाला तर बारची लांबी रोलिंगच्या दिशेने ठेवा, आडवा कापलात तर लांबट ग्रेनचा फायदा गेलाच. एमएचसी मजबूत आहे, पण त्याचीही भिस्त कार्बाइडवरच.

मिश्रधातू बदलण्याआधी मधे एक आधार देता येतो का ते बघा. क्रीपमध्ये बाक लांबीच्या बऱ्याच मोठ्या घाताने वाढतो, त्यामुळे अंतर निम्मं केलंत तर जो फरक पडेल तो कुठल्याही मिश्रधातूने पडणार नाही. बार चपटा असेल तर उभ्या कडेवर ठेवा. आणि वाकलेले जुने बार थंडपणी ठोकून सरळ करू नका, रीक्रिस्टलाइझ झालेलं मॉलिब्डेनम खोलीच्या तापमानाला ठिसूळ असतं, तडकेल.

बारचा छेद आणि दोन आधारांमधलं अंतर किती आहे?