मदत हवी आहे : पेपरमध्ये थिअरी कुठून आणू?

रानजाई : पीएचडीचा पेपर परत आलाय. परीक्षकाचा एकच शेरा, "सैद्धांतिक योगदान दिसत नाही." सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. गाईड म्हणतात आरबीव्ही (रिसोर्स-बेस्ड व्ह्यू) ही थिअरी लाव. लावू का? लवकर सांगा, प्लीज.

खटपट्या : काम कशावर आहे ते लिहिलंच नाहीस. सर्व्हे की केस? निष्कर्ष काय?

शॉपफ्लोअर_काका : बावीस वर्षं प्रॉडक्शनला काढली. थिअरीनं एक नग बाहेर पडत नाही. मॅनेजमेंटवाला गोल्डरॅट सांगून गेलाय, बॉटलनेक शोधा, म्हणजे काम जिथे अडतं ती जागा. बाकी कागद.

खटपट्या : काका, तीही थिअरीच. नावच थिअरी ऑफ कन्स्ट्रेंट्स आहे.

मधुरा_ठाणे : संदर्भांसाठी झोटेरो घे गं, फुकट आहे.

रानजाई : संदर्भांचा प्रश्न नाहीये! केस आहे, भोसरीतलं मशीन शॉप. टर्निंगचा (लेथवरच्या कामाचा) सेटिंग टाइम, म्हणजे मशीन नव्या कामाला लावायचा वेळ, निम्म्यावर आला. तरी लीड टाइम, म्हणजे काम आत आल्यापासून माल तयार होईपर्यंतचा वेळ, वाढला.

खटपट्या : हे आधी सांगायचं ना! टर्निंगला इन्सेंटिव्ह नगावर आहे? पुढच्या टप्प्याला, ग्राइंडिंगपुढे, माल साचला?

रानजाई : दोन्ही हो. ट्रे पॅसेजमध्ये ठेवायची वेळ आली.

खटपट्या : मग आरबीव्ही नको. एक कंपनी दुसरीच्या पुढे का टिकते, याचा तो विचार. ट्रे का साचले हे त्यातून कळणार नाही. लिटलचा नियम घे, १९६१ची सिद्धता आहे : साचलेला माल म्हणजे माल बाहेर पडायचा वेग गुणिले तो आत राहायचा वेळ. ग्राइंडिंगचा वेग तोच, ढीग मोठा, म्हणजे वेळ वाढणारच. मग श्मेनर आणि स्विंक यांचा १९९८चा लेख वाच. माल जितका भरभर आणि एकसारखा वाहतो तितकी उत्पादकता वाढते, असं ते मांडतात. तुझ्याकडे नगावरच्या पैशांनी तो प्रवाहच तुंबवला. योगदान तिथे आहे.

शॉपफ्लोअर_काका : म्हणजे ग्राइंडिंग बॉटलनेक. मी काय म्हणत होतो? इन्सेंटिव्ह बंद करा.

पिंपरीकर : बंद केला की पोरं शेजारच्या शॉपला जातात काका. आमच्याकडे दोघं गेले.

रानजाई : लिटलचा नियम हे गणित आहे, थिअरी नव्हे, असं परीक्षक म्हणाला तर?

खटपट्या : म्हणून तो एकटा ठेवू नकोस. वेळ किती वाढेल ते गणित सांगेल. शहाण्या माणसांनी ढीग का वाढू दिला, ते तू सांग. ग्राइंडिंगच्या रोजच्या नोंदी आहेत ना?

रानजाई : फक्त टर्निंगच्या आहेत.

खटपट्या : मग आज शॉपला फोन कर, ग्राइंडिंगची शिफ्ट रजिस्टरं माग. आणि संपादकांकडे मुदतवाढही.